आणखी दहा पावलं

पक्षी बघायला कधी गटाने गेला असाल, तर एक वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. कदाचित तुम्हीच म्हणाला असाल. "आणखी दहा पावलं फक्त."

मी ते कितीतरी वेळा ऐकलंय, बऱ्याचदा स्वतः म्हटलंय, आणि एकदा, २०२३ च्या नोव्हेंबरात, ते ऐकून एकोणीस माणसांना एका कातळाच्या टोकापर्यंत नेलंय. त्या सकाळी कुणी मेलं नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी काही लिहिलं नाही. मी आज लिहितेय, कारण आता मला ठाम वाटतं की आपल्या खडकाळ किनाऱ्यावरच्या पक्षीनिरीक्षण फेऱ्या लीडर चालवत नाही, हे वाक्य चालवतं. आणि हे वाक्य एका दमात दोन कामं करतं. पक्ष्याला त्याच्या शेवटच्या खडकावरून हाकलतं आणि माणसाला पाण्याच्या तोंडी देतं.

फेऱ्या बंद करा, असं मी म्हणत नाही. मी स्वतः अशाच एका फेरीत पक्षी बघायला शिकले. माझं भांडण त्या दहा पावलांशी आहे, आणि त्यांना "निसर्गप्रेम" म्हणण्याच्या आपल्या सवयीशी.

*

रत्नागिरी जिल्ह्यातला एक किनारा. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे येईल. वर जांभ्याचा सडा, खाली काळा कातळ, आणि त्या कातळाचा एक पट्टा जिभेसारखा समुद्रात शिरलेला. टोक उंच, पण टोक आणि किनारा यांच्यामध्ये एक चर. पाणी ओसरलेलं असताना त्यात घोट्याएवढंच पाणी असतं. उडी मारूनही पार होतो.

आम्ही पुण्या-मुंबईहून, कोल्हापुराहून रात्रभर प्रवास करून आलो होतो. माणशी अडीच हजार रुपये, चहा-नाश्ता धरून. मी ग्रुपची स्वयंसेवक लीडर, वय सव्वीस, हातात दुर्बीण, खिशात यादी. वेळ ठरली होती सकाळी सातची. सातच का? कारण पक्षीनिरीक्षण सकाळीच करतात.

खाली उतरताना पायवाटेवर तीन बायका वर येताना भेटल्या. लुगड्यांचे काष्टे मारलेले, डोक्यावर पाट्या, पाट्यांमध्ये कालवं. रात्रीच्या चांदण्यात, बॅटरी घेऊन उतरल्या होत्या, आता परत निघाल्या होत्या. त्यातल्या एकीने आमच्याकडे पाहून विचारलं, "आत्ता खाली?" मी म्हटलं, "हो मावशी, पक्षी बघायला." ती काही बोलली नाही. आम्ही हसून पुढे गेलो.

हे चित्र मला नंतर महिनोन्‌महिने दिसत राहिलं. आयुष्यभर त्या कातळावर काम केलेल्या बायका वर येत होत्या, त्याच वेळी आम्ही खाली जात होतो. आमच्यापैकी एकालाही "का?" असं विचारावंसं वाटलं नाही.

सव्वासातला चर ओलांडला. समोर किनारपक्ष्यांचा थवा होता, चाळीस-पन्नास पक्षी. बहुतेक वाळूचिखल्ये, मधेमधे टर्नस्टोन, एक व्हिम्ब्रेल, बाजूला एकटा समुद्री बगळा. सगळे बेभान झाले. पहिल्यांदाच असा थवा बघणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, तो क्षण खोटा नव्हता. मग मागून आवाज आला, "लाइट कडक आहे, आणखी दहा पावलं." गेलो. थवा उडाला, पुढच्या खडकावर बसला. पुन्हा दहा पावलं. पुन्हा उडाला. "फ्लाइट शॉट मिळाला का?" "नाही." "थांब, परत उडतील." मी मोजलं नव्हतं, पण नंतर एकाच्या कॅमेऱ्यातल्या फोटोंच्या वेळा पाहिल्या. पस्तीस मिनिटांत तो थवा सहा वेळा उठला. शेवटी पट्ट्याचं टोक आलं. पुढे जागाच नव्हती. थवा सरळ समुद्रावरून निघून गेला आणि आम्ही टोकावर उभे राहून टाळ्या वाजवल्या.

आठ वाजून पाच मिनिटांनी पाऊस आला. त्या दिवसांत राज्यात ठिकठिकाणी अवकाळी पाऊस पडत होता, हे आम्हाला माहीत होतं. "कोकणात नाही पडणार" असं कुणीतरी मोबाइल बघून सांगितलं होतं. वारा फिरला, समोरचं काही दिसेना, सगळे कॅमेरे पिशवीत घालण्यात गुंतले. तेवढ्यात किनाऱ्यावरून ओरडण्याचा आवाज आला. मघाचीच मावशी.

"ओ ताई! मागारी फिरा! चर भरला!"

मागे वळून पाहिलं. मघाच्या घोटाभर पाण्याच्या जागी कंबरभर पाणी होतं, आणि ते स्थिर नव्हतं. लाट आत शिरली की छातीपर्यंत चढायचं, बाहेर ओढलं की पायाखालचं काही धरू द्यायचं नाही. एकमेकांचे हात धरून साखळी केली. सतराजण नीट आले. एक काका कॅमेरा वर धरण्याच्या नादात घसरले, पण लगेच सावरले. आणि मघाशी जिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ती कॉलेजातली मुलगी पडली. कालवं चिकटलेला खडक म्हणजे सुऱ्या लावलेला खडक. गुडघ्यापासून खाली नऊ टाके पडले.

संध्याकाळी ग्रुपवर मी यादी टाकली. एकतीस प्रजाती. खाली अंगठे, हार्ट, "सुपर ट्रिप", "लीडर रॉक्स". त्या मुलीने लिहिलं, "सॉरी, माझ्यामुळे उशीर झाला." तिच्या त्या 'सॉरी'ला मी उत्तर दिलं, "इट्स ओके, काळजी घे." चूक तिची नव्हतीच, हे मी तेव्हा लिहिलं नाही. आज लिहितेय.

*

आता हिशोब मांडू. भावना बाजूला ठेवून, साध्या गणिताने.

जंगलातल्या पक्ष्यांचं घड्याळ सूर्यावर चालतं. उजाडताना ते गातात, खातात, हलतात. ऊन चढलं की गप्प होतात. म्हणून जंगलात पहाटे जायचं. आपल्यातले बहुतेकजण सिंहगडच्या वाटेवर, कर्नाळ्यात, ताम्हिणीत शिकले. तीच सवय आपण उचलून समुद्रावर आणली. पण खडकाळ किनाऱ्यावरचा पक्षी चंद्राच्या घड्याळावर जगतो. पाणी ओसरलं की कातळ उघडा पडतो आणि त्याचं ताट वाढलं जातं: शेवाळातले किडे, बारके खेकडे, शंख-शिंपले. पाणी चढलं की ताट उचललं जातं. मग तो उरलेल्या उंच खडकावर जाऊन चोच पाठीत खुपसून झोपतो, पिसं सारखी करतो, पुढच्या ओहोटीची वाट बघतो. सकाळचे सात वाजलेत की दुपारचे तीन, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं.

हे घड्याळ वाचायला कोकणात ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि मागच्या-पुढच्या पहाटेही तेव्हाच. तिच्या आधी आणि नंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशोब ढोबळ आहे, जागेप्रमाणे तासभर इकडेतिकडे होतो. नेमक्या वेळा हव्या असतील तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते आहेत, हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था समुद्राच्या लाटांचे इशारेही देते. सगळं मोबाइलवर मिळतं.

आमचा तो रविवार पौर्णिमेच्या आदल्या दिवसाचा. चतुर्दशी. चौदा गुणिले पाऊण, साडेदहा. म्हणजे पूर्ण ओहोटी पहाटे साडेचारला होऊन गेलेली. त्यातही पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त ओसरतं आणि जास्त चढतं. अष्टमीच्या आसपासचा भांग असता तर जरा तरी सवलत मिळाली असती. शिवाय पाणी सहा तासांत एकसारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग दोन, मग एक. निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. आमच्या दिवशी ते दोन तास साडेसहा ते साडेआठ होते. आम्ही चर ओलांडला सव्वासातला. ठरवून गेलो असतो तरी यापेक्षा वाईट वेळ सापडली नसती.

आणि चर आधी भरतो, टोक नंतर. हे कळायला भूगोलाची पदवी लागत नाही; बादलीत दगड ठेवून पाणी ओता. टोकावर उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालचा दगड कोरडा असतो, म्हणून त्याला वाटतं, सगळं ठीक आहे. परतीची वाट त्याच्या पाठीमागे बुडत असते, आणि त्याचा डोळा तर व्ह्यूफाइंडरला लागलेला असतो.

*

आता पक्ष्याच्या बाजूने बघू.

टर्नस्टोन हा पक्षी मुठीएवढा. वजन साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम. चोचीने दगड, शेवाळ उलटंपालटं करून खातो, म्हणून ते नाव. त्याची वीण होते आर्क्टिकमध्ये. तिथून तो आपल्या कातळावर हिवाळा काढायला येतो आणि वसंतात परत जातो. किनारपक्ष्यांच्या प्रवासाचे आकडे ऐकून माणूस चक्रावतो: २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट या किनारपक्ष्याचं एक पिल्लू अलास्काहून निघालं आणि कुठेही न उतरता अकरा दिवसांत तेरा हजार पाचशे किलोमीटरहून जास्त अंतर कापून टास्मानियाला पोचलं. असल्या प्रवासाचं इंधन म्हणजे अंगावरची चरबी, आणि ती साठते ती खाऊन आणि न उडून. ही दोनच साधनं.

उडणं ही पक्ष्याच्या रोजच्या कामांतली सगळ्यात महागडी गोष्ट. पाणी चढत असताना तर प्रत्येक उड्डाणानंतर बसायला जागा कमी उरते. आम्ही त्या थव्याला सहा वेळा उठवलं तेव्हा त्याचं जेवणाचं ताट उचललं गेलेलं होतं आणि झोपायच्या खडकावर आम्ही उभे होतो. एखाद्या दिवसाचं ठीक आहे, असं म्हणाल. पण तो खडक सोशल मीडियावर गेला की दर शनिवार-रविवार एक बस येते. आमच्या ट्रिपचे फोटो लोकेशनसकट गेले होते. पुढच्या दोन महिन्यांत त्याच पट्ट्यावरचे फोटो मी तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर पाहिले. म्हणून गावाचं नाव सांगत नाही.

आपण पिंजरा लावणाऱ्याला शिव्या घालतो, घरट्याचे फोटो टाकणाऱ्याला ट्रोल करतो, जंगलात कॉल वाजवणाऱ्याला आता लोक तोंडावर सुनावतात. हे सगळं चांगलंच झालं. पण विश्रांती घेणारा थवा उठवणं अजून आपल्याकडे गुन्ह्याच्या यादीत नाही. उलट उडालेल्या थव्याचा फोटो हाच ट्रिपचा कव्हर फोटो होतो.

*

मग हवामान. "कोकणातलं हवामान बेभरवशाचं" हे वाक्य प्रत्येक ट्रिपच्या सूचनांमध्ये असतं, आणि त्याचा अर्थ "रेनकोट आणा" एवढाच असतो. खडकाळ किनाऱ्यावर पाऊस ही हवामानातली सगळ्यात किरकोळ गोष्ट आहे. पाऊस भिजवतो. त्याच्यासोबत येणारा वारा लाटा वाढवतो, ओलं शेवाळ पाय घसरवतं, आणि पावसाच्या पडद्यात परतीची खूण दिसेनाशी होते. शिवाय लाट येण्यासाठी तुमच्या डोक्यावर ढग असावा लागत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार चक्रीवादळ किनाऱ्याला लागलंच नाही, अरबी समुद्रात दूरवरून निघून गेलं. तरी आपला किनारा खवळला. २००९ मध्ये फयान आलं ते ११ नोव्हेंबरला, थंडीची चाहूल लागते त्या दिवसांत. पावसाळा संपला म्हणजे समुद्र शांत झाला, हे शहरातलं कॅलेंडर. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रात वादळं होण्याचाच काळ आहे, आणि नेमका हाच काळ पाहुणे पक्षी येण्याचा. म्हणजे आपला सीझन सुरू होतो तेव्हा समुद्राचाही एक सीझन चालू असतो.

पण "बेभरवशाचं" हा शब्द आपण पळवाट म्हणून वापरतो. घडल्यावर म्हणतो, "काय करणार, हवामानच असं." हवामान बेभरवशाचं आहे हे आधीपासून माहीत असेल, तर ठरलेल्या गोष्टी जास्त हव्यात, कमी नाही. भरती तर ठरलेली आहे, वर्षभराची आजच छापून मिळते. अनिश्चित आहे ती लाट आणि वारा. जे निश्चित आहे त्याचाच हिशोब आम्ही केला नाही आणि दोष अनिश्चिताला दिला.

*

कुणी विचारेल, लीडर तू होतीस, मग "नाही" का म्हणाली नाहीस?

प्रश्न बरोबर आहे. उत्तर लाजिरवाणं आहे. कारण समोर सहाशे एमएमची लेन्स घेऊन उभे असलेले काका माझ्या बाबांच्या वयाचे होते. कारण माणशी अडीच हजार भरले होते. कारण मागच्या महिन्यातल्या दुसऱ्या ग्रुपच्या यादीत अडतीस प्रजाती होत्या. कारण मी "घाबरट लीडर" ठरले असते. आणि एक सगळ्यात विचित्र कारण: एकोणीस माणसं सोबत आहेत म्हणजे धोका एकोणीस ठिकाणी वाटला जातो, असं मनाला वाटत असतं. एकटी असते तर त्या टोकावर मी गेलेच नसते. गटात प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्या कुणाला तरी माहीत असेल. ज्याला भीती वाटते तो गप्प बसतो, कारण तो नवीन असतो, त्याची चप्पल भिजलेली असते, त्याच्याकडे कॅमेरा नसतो. आणि बोलतो तो ज्याला फोटो हवा असतो.

म्हणजे गटाचा वेग सगळ्यात हावरट माणूस ठरवतो, आणि किंमत सगळ्यात नवीन माणूस मोजतो. आमच्यातल्या त्या मुलीला टाके पडले ते यामुळे.

*

आता तुमचे आक्षेप. मला ते पाठ आहेत, कारण वर्षभर मीच ते स्वतःला ऐकवले.

पहिला: "लोक जवळून बघतील तरच प्रेम करतील, प्रेम करतील तरच वाचवतील." बरं. पण जवळून म्हणजे किती? दहा माणसांमध्ये एक स्पॉटिंग स्कोप तिपाईवर लावला, तर शंभर मीटरवरच्या टर्नस्टोनच्या पायाचा नारिंगी रंग दिसतो. आणि पळणारा पक्षी दिसण्यापेक्षा झोपणारा, खाजवणारा, शेजाऱ्याला चोच मारणारा पक्षी दिसला, तर प्रेम जास्त जडतं, हा माझा अनुभव आहे. स्कोप महाग असतो हे मान्य. पण त्या दिवशी कातळावर असलेल्या लेन्सांपैकी दोन विकल्या असत्या तर ग्रुपसाठी स्कोप आला असता.

दुसरा: "आपण डेटा गोळा करतो. ई-बर्डवर टाकतो. ते विज्ञान आहे." विज्ञानाचंच ऐकायचं, तर किनारपक्षी मोजण्याची जगभरची रीत अशी: भरतीच्या वेळी ते एकत्र बसतात तेव्हा, लांबून, थव्याला न उठवता. विखुरलेले असताना मागे धावून मोजले तर तोच पक्षी तीन खडकांवर तीनदा मोजला जातो. आमच्या त्या दिवसाच्या आकड्यांवर माझाच विश्वास नाही.

तिसरा, आणि सगळ्यात वजनदार: "खरे शत्रू मोठे आहेत. भराव, जेट्टी, रिसॉर्ट, सांडपाणी. नवी मुंबईत भरतीच्या वेळी फ्लेमिंगो जिथे येऊन बसतात त्या पाणथळ जागांसाठी लोकांना उच्च न्यायालयात जावं लागलं. आणि तू आमच्यावर काय घसरतेस?" खरंय. एका बुलडोझरपुढे आमची एकोणीस जोडी पावलं काहीच नाहीत. पण त्या पाणथळांसाठी भांडणाऱ्यांचा एक मुख्य मुद्दा काय आहे, ते बघा. भरतीच्या वेळी पक्ष्यांना निवांत बसायला जागा लागते, आणि ती गेली तर बाकीची खाडी असून उपयोग नाही. कोर्टात हा मुद्दा मांडायचा आणि रविवारी जाऊन तशाच जागेवर उभं राहायचं, हे कसं जमतं? उद्या बिल्डरचा वकील तुमचाच ट्रिपचा फोटो दाखवून विचारेल की एवढी गर्दी चालते, तर माझा रस्ता का चालत नाही.

चौथा: "गावातली माणसंही खडकांवर जातात की. कालवं काढतात, गरी टाकतात." जातात. पोटासाठी जातात, पाणी ओसरल्यावर जातात, वाकून एका जागी काम करतात, पक्ष्याकडे बघतही नाहीत, आणि पाणी चढायच्या आत वर येतात. त्यांच्यापासून वीस पावलांवर समुद्री बगळा निवांत मासा धरताना मी पाहिलाय. आपण सगळे उभे, सगळे सरळ त्याच्याकडे चालत, सगळ्यांचे काचेचे डोळे त्याच्यावर रोखलेले. त्याच्या दृष्टीने यातलं कोण शिकारी दिसतं, तुम्हीच सांगा. गावकऱ्यांचं उदाहरण द्यायचंच असेल तर पूर्ण घ्या, त्यांच्या वेळेसकट.

*

मग काय करायचं? मला हवंय ते फार थोडं आहे.

ट्रिपची तारीख शनिवार-रविवार बघून ठरवण्याआधी तिथी बघा. वेळ ठरवताना भरती बघा. कातळावर उतरायचंच असेल तर ओहोटीच्या आधी उतरा आणि पाणी फिरलं की वर या. परतीची वेळ वर सड्यावरच, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगा, आणि खाली गेल्यावर ती बदलायचा हक्क कुणालाच नको, लीडरलाही नको. "फिरूया" असं गटातल्या कुणीही म्हटलं, सगळ्यात नवीन मुलानेही, तर फिरायचं. त्यावर मतदान नाही, टोमणा नाही. हवामान बिघडलं तर पैसे परत. पैसे परत मिळणार नसतील तर लीडरला "नाही" म्हणता येत नाही, हे मी जगून पाहिलंय. गट दहाच्या वर नको. लोकेशन टाकू नका, टाकायचंच तर सीझन संपल्यावर टाका. थवा उडाला तर ते आपलं अपयश म्हणून यादीत नोंदवा: प्रजाती इतक्या, थवा उठवला इतक्या वेळा. हा दुसरा आकडा ग्रुपवर टाकायची लाज वाटायला लागली की अर्धं काम झालं.

आणि उतरायच्या आधी पायवाटेवर कुणी वर येताना दिसलं तर थांबून विचारा, "मावशी, पाणी कसं आहे?"

*

पुढच्या ऑक्टोबरात मी पुन्हा तिथे गेले. आम्ही सहाजण. पंचमी होती, पाच गुणिले पाऊण, पावणेचार. मंगळवार होता, दोघांनी रजा टाकली होती. आम्ही खाली उतरलोच नाही. कड्यापासून जरा मागे, सड्याच्या गवतात, दोन वाजता बसलो. प्रकाश समोरून, फोटोला अगदी वाईट. लेन्सवाले त्यामुळेच येत नाहीत.

पाणी चढत गेलं तसे पक्षी आपोआप आमच्या दिशेने सरकत आले. खडकामागून खडक बुडत होता आणि ते एकेक पायरी वर येत होते. आम्हाला एकही पाऊल टाकावं लागलं नाही. तीन वाजेपर्यंत पट्ट्याच्या टोकावर सत्तरेक पक्षी दाटीवाटीने बसले होते, बहुतेक एका पायावर. त्यातले दोन टर्नस्टोन एका बसक्या दगडावरून भांडत होते. ती कॉलेजातली मुलगी माझ्या शेजारी होती. तिला बोलवायला मला वर्ष लागलं, आणि जे 'सॉरी' मी तेव्हा लिहायला हवं होतं, ते मी तिला बसमध्ये म्हटलं.

साडेतीनला कुरवांचा एक मोठा थवा येऊन टेकला आणि त्यात एक पक्षी वेगळा दिसला. पाठ जास्त गडद, बांधा लहान. स्कोप फिरवेपर्यंत आग्नेयेकडे, घाटाच्या बाजूला, गडगडलं. ऑक्टोबरातल्या दुपारी सड्यावर आपणच सगळ्यात उंच असतो आणि वीज उंच वस्तू शोधते. ठरलं होतं: पहिला गडगडाट ऐकला की उठायचं.

"दोनच मिनिटं," मी म्हटलं. मीच.

"नको ताई, ठरलंय," ती म्हणाली, आणि तिपाई मिटायला लागली.

आम्ही उठलो. तो पक्षी कोणता होता ते कळलं नाही, यादीत तो नाही. त्या दिवसाच्या नोंदीत प्रजाती अकरा आहेत आणि शेजारी लिहिलंय, थवा उठवला: शून्य वेळा.